घरच्यांना विचारायचे पैसे

‘भाडं लॉक करा, फक्त इतक्या रुपयांत.’ विमानाचं तिकीट काढताना हे बटण दिसलं की आता माझं डोकं फिरतं. म्हणजे थोडे पैसे आत्ता भरा, आणि तिकीट एकदोन दिवसांनी आजच्याच भावात काढा. कशाचे पैसे आहेत हे? सीटचे नाहीत, सामानाचे नाहीत, जेवणाचे नाहीत. ‘घरी विचारून सांगते’ एवढं म्हणण्याचे पैसे! तेही माणशी, आणि एकदा भरले की परत न मिळणारे.

पुण्यात नोकरीला असलेल्या विदर्भातल्या कुणालाही विचारा, दिवाळीला गावी जायचं तिकीट म्हणजे काय ताप असतो. गरीब रथ म्हणा, महाराष्ट्र एक्सप्रेस म्हणा, बुकिंग उघडलं की बघता बघता वेटिंग. २०२५ च्या ऑगस्टपासून अजनी (नागपूर)–पुणे वंदे भारत सुरू झाली, चांगलं झालं, पण तिच्यात बसून जवळपास बारा तास काढायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाईंना तसं कसं न्यायचं? म्हणून विमान बघायचं. हौस म्हणून नाही.

आता पाच जणांची तिकिटं काढायची तर पाच जणांचं जुळायला नको? ह्यांची रजा मंजूर व्हायची असते, मुलीच्या परीक्षेचं वेळापत्रक लागायचं असतं, सासऱ्यांना डॉक्टरांची तारीख मिळायची असते. एकदोन दिवस लागतातच, कुठल्याही घरात लागतात. नेमके तेच एकदोन दिवस हे तिकीट विकणारे आपल्याला विकतात.

बरं, पैसे भरून तरी भाडं धरून ठेवतात का? आम्ही एका पोर्टलवर पाच जणांचे भरले. रजा मंजूर झाली, तिकीट काढायला गेलो तर आकडा वाढलेला. फोन केला. “मॅडम, लॉक आहेच, पण वाढलेला फरक आम्ही एका मर्यादेपर्यंतच भरतो. वरचा तुम्हाला भरावा लागेल.” मग आमच्याकडून पैसे घेतलेत कशाचे? “मॅडम, अटींमध्ये दिलेलं आहे.” त्या पोराचा काय दोष, त्याला जे बोलायला दिलंय ते तो बोलतो. माझा राग त्या अटी लिहिणाऱ्यांवर आहे. बटणावर आकडा ठळक, आणि मर्यादा कुठे? खाली, बारीक अक्षरांत, लिंकच्या आत. पाच जणांना मिळून जो फरक पडला तो आम्हीच भरला. लॉकचे पैसे गेले ते वेगळेच.

आणि भाडं वाढतं कसं, हे यांना चांगलं माहीत असतं. एकाच विमानातल्या एकसारख्या सीटा वेगवेगळ्या भावांच्या गटांत वाटलेल्या असतात. स्वस्त गट संपला की पुढचा महाग गट उघडतो. कुठला गट कधी उघडायचा, कधी बंद करायचा, हे विकणाऱ्याच्या हातात. मग स्क्रीनवर लाल अक्षरांत ‘या भावात २ सीट शिल्लक’ असं चमकवायचं, आणि माणूस घाबरला की शेजारीच लॉकचं बटण. घाबरवायचं यांनी आणि धीर द्यायचे पैसेही यांनीच घ्यायचे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन फसवणुकीचे १३ प्रकार ठरवून त्यांवर बंदी आणली. खोटी घाई लावणं हा त्यातलाच एक. त्या २ सीट खरंच २ आहेत की नाहीत, हे ग्राहकाने तपासायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? डीजीसीएच्या, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमांत बुकिंगनंतर ४८ तासांची सोय आहे; मार्च २०२६ च्या आधी ती २४ तासांची होती. विमान सुटायला सात दिवस किंवा जास्त असतील तर त्या ४८ तासांत तिकीट रद्द करा, विमान कंपनी रद्द करण्याचे पैसे घेऊ शकत नाही. दिवाळीची तिकिटं आपण महिना-दोन महिने आधीच बघतो, म्हणजे दोन दिवसांची मुदत आपल्या हक्काची आहे. ही ओळ तुम्हाला कधी त्या बटणाशेजारी दिसली? मला नाही दिसली. अर्थात त्यासाठी पाच जणांचे पूर्ण पैसे आधी भरायचे, रद्द केलं तर ते परत यायची वाट बघायची, आणि पोर्टलची कन्व्हिनियन्स फी बहुतेकदा गेली ती गेलीच. महिन्याच्या पंचवीस तारखेला एवढी रक्कम कुणाकडे पडून असते? अमेरिकेत २०१२ पासून विमान कंपन्यांना दोनपैकी एक करावंच लागतं: एकतर पैसे न घेता २४ तास भाडं धरून ठेवायचं, नाहीतर २४ तासांत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत. अट तीच, सात दिवसांची. पैसे न घेता भाडं धरून ठेवता येतं, हे तिथे कायद्यात लिहिलेलं आहे.

आणि भाड्याला हात लावता येत नाही, बाजार आहे, हे मला कुणी सांगू नका. खासगी ट्रॅव्हल्सवाल्यांना महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये एसटीच्या दीडपट भाड्याची मर्यादा घातली. पाळतात किती हा वेगळा संताप, पण मर्यादा आहे, दाखवून भांडता येतं. विमानाचं भाडंसुद्धा केंद्राने मे २०२० ते ऑगस्ट २०२२ बांधून ठेवलं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये विमानं धडाधड रद्द झाली तेव्हा ५०० ते १००० किलोमीटरला १२,००० रुपयांची कमाल मर्यादा काही दिवसांत आली. पुणे–नागपूर त्यातच बसतं. म्हणजे जमतं.

मला तिकीट फुकट नको आहे. लॉकच्या बटणावरच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, फरक किती रुपयांपर्यंत भरणार ते लिहा आणि शेजारी ४८ तासांचा नियम लिहा. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, मी तक्रार दिली आहे, स्क्रीनशॉटसकट. ज्यांचे ज्यांचे असे पैसे गेलेत त्यांनीही द्या. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका, आपण सोडून देतो यावरच यांचं चाललंय.