लंबक उलटे, तरी लय एकच

एका लयीत चालण्याबद्दलचा माझा लेख वाचून आपण मला लिहिलंत की डच शास्त्रज्ञ हायगेन्सच्या घड्याळांचे लंबक विरुद्ध दिशांना हलत होते, मग त्यांना 'एका लयीत' कसं म्हणायचं? शिवाय दोन चांगली घड्याळं सारखी चालली तर त्यात नवल कसलं?

पहिली चूक कबूल. 'दोन्ही लंबक एकाच बाजूला झुकत' असं मी लिहिलं होतं, ते आता दुरुस्त केलं आहे. 'एका लयीत' हे शब्द मात्र मागे घेणार नाही.

फेब्रुवारी १६६५ मध्ये क्रिस्तियान हायगेन्स आजारी पडून खोलीतच होते. समुद्रावर रेखांश काढता यावा म्हणून बनवलेली दोन घड्याळं समोर एकाच लाकडी आधाराला टांगलेली. एक लंबक डावीकडे गेला की दुसरा नेमका उजवीकडे. त्यांनी ती लय मुद्दाम मोडून पाहिली. अर्ध्या तासात दोन्ही पुन्हा तशीच. आधी त्यांना वाटलं, लंबकांमुळे हलणाऱ्या हवेने हे होत असावं. मग कळलं की लाकूडच हलतंय, डोळ्यांना दिसणारही नाही इतकं, आणि त्यातून एकाचा हिसका दुसऱ्यापर्यंत पोचतोय. घड्याळं लांब ठेवली की त्यांच्या वेळेत फरक पडू लागे.

नवल आहे ते इथे. तुमच्या मनगटावरचं नि भिंतीवरचं घड्याळ एकाच वेळी दहा दाखवतं, पण भिंतीवरचं पाच मिनिटं मागे सारा, मनगटावरच्याला त्याचा पत्ताही नसतो. ती नुसती सारखी आहेत, एकमेकांशी बांधलेली नाहीत.

राहिला उलट्या दिशेचा मुद्दा. विलंबित तीनतालात गायक आणि तबलजी एकच गोष्ट थोडीच करतात? गायक स्वरांत लांब भटकून येतो, तबलजी ठेका धरून बसतो, आणि सोळा मात्रा फिरून दोघं समेवर भेटतात. आपली मान तिथेच हलते. एकत्र असायला सारखं असावं लागत नाही.

दिंडीत टाळांच्या ठेक्यावर सगळे मिळून टाकतात त्या पावलीबद्दल मी त्याच लेखात लिहिलं ते 'भाबडं' वाटलं, असंही आपण म्हणता. मी जे पाहिलं तेवढंच सांगतो. एका म्हाताऱ्या टाळकऱ्याचं उपरणं घसरलं, ते सावरताना त्यांचं पाऊल चुकलं. ते जागीच थांबले. शेजारच्याने मान वळवली नाही, फक्त टाळ त्यांच्या बाजूला नेऊन जरा जोरात वाजवले. दोन ठोके गेले. तिसऱ्याला आजोबांचा पाय रांगेबरोबर पडला.