पीएफ म्हणजे टॅक्स? पासबुक उघड आधी

परवा रात्री ताईच्या मुलाचा फोन. चाकणला पहिलीच नोकरी, दोन महिने झालेत. "मामा, ठेकेदाराचा माणूस म्हणतोय, पीएफ नको असं लिहून दे. देऊ का? तसाही तो गरिबाचा इन्कम टॅक्सच ना?" हे कुठून आलं विचारलं, तर त्याने मेसेज पाठवला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय तोच: 12 टक्के गेले ते गेले, व्याजावरही टॅक्स, म्हातारपणी भीक, त्यापेक्षा लिहून द्या आणि पूर्ण पगार घ्या.

गेले म्हणजे कुठे गेले? पोराचं बेसिक-डीए, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता, 12,000. त्यातून कापले 1,440. ठेकेदाराने तेवढेच घालायचे. त्यातले 1,000 पेन्शनला, 440 पीएफला. म्हणजे खात्यात महिन्याला 1,880 पडतात. 2024-25 चं व्याज 8.25 टक्के. इन्कम टॅक्सचं पासबुक पाहिलंय कुणी? तो देशाच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जातो, तिथे कुणाच्या नावाचं खातं नसतं. उलट पीएफचा कायदा वाचा: थकलेल्या कर्जापायी कोर्टसुद्धा ही शिल्लक जप्त करू शकत नाही.

डोकं फिरतं ते 'लिहून द्या' वाचून. बेसिक-डीए 15,000 च्या आत असलं की नको म्हणायची सोयच नाही. मग सहीचा फायदा कुणाला? ठेकेदाराला. त्याचे 1,440 वाचले. पोराने स्वतःचे 1,440 हातात घेण्यासाठी दुसऱ्याचे 1,440 सोडले! वर मालकाच्या पैशातून असलेला विमाही गेला. नोकरीत असताना बरंवाईट झालं तर घरच्यांना 7 लाखांपर्यंत मिळतात. हा मेसेज कुणा कामगाराने लिहिला असेल असं मला तरी वाटत नाही.

व्याजावरचा टॅक्स स्वतःचे वर्षाला अडीच लाखांवर भरणाऱ्यांना. ह्याचे भरतात 17,280.

एवढं मात्र कबूल. इतक्या पगारावर इन्कम टॅक्स शून्य, पण पीएफ पहिल्या रुपयापासून कापतात. खोलीभाडं भरणाऱ्याला ते जाणवतंच. आणि किमान पेन्शन 2014 पासून 1,000 वरच अडकलंय. त्याला कुणी भीक म्हटलं तर मी भांडणार नाही.

काल भाच्याला उमंग या सरकारी ॲपवर पासबुक उघडायला लावलं. पहिल्या महिन्याचे जमा आहेत. दुसऱ्याचे पगारातून कापलेत, पासबुकात नाहीत. 15 तारखेच्या आत भरायला हवे होते, आज 20. फॉर्म बाजूला ठेव म्हटलं, आधी त्या माणसाला हे विचार.