फायरवॉल बंद करून हरवलेला डीएसएन सापडत नाही

व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक ६, विंडोजसाठी प्रोग्राम लिहिण्याची जुनी भाषा) मधला जुना बिलिंगचा किंवा पगाराचा प्रोग्राम नव्या मशीनवर टाकला आणि तो एसक्यूएल सर्व्हरला (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसला) जोडेना, की ठरलेला सल्ला हाती येतो: फायरवॉल बंद करा, ६४ बिटचा ड्रायव्हर (प्रोग्राम आणि डेटाबेस यांना जोडणारा दुवा) टाका, ‘एसए’ने (सर्व्हरच्या सर्वाधिकारी लॉगिनने) लॉगिन करा, सर्व्हरवर टीएलएस १.० (जोडणी एन्क्रिप्ट करण्याची जुनी पद्धत) परत सुरू करा. तरीही जमलं नाही तर जुने प्रोग्राम नव्या विंडोजवर चालतच नाहीत असं समजा. या सल्ल्यात एरर वाचा असं कुठेच सांगितलेलं नाही. गाडी कुठे अडली ते मात्र एररच सांगते.

‘विंडोज ६४ बिट, म्हणून ड्रायव्हरही ६४ बिट.’ सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो. ड्रायव्हर विंडोजच्या नव्हे, प्रोग्रामच्या बिटचा लागतो, आणि व्हीबी ६ चे प्रोग्राम ३२ बिटचेच असतात. ६४ बिट विंडोजवर ओडीबीसीच्या (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणाऱ्या विंडोजच्या सोयीच्या) दोन वेगळ्या खिडक्या असतात: ‘सिस्टम३२’ फोल्डरमधली ६४ बिटची आणि ‘सिसवॉव६४’मधली ३२ बिटची. नावं उलटी वाटतात, पण आहे ते असंच. डीएसएन म्हणजे नाव देऊन साठवलेली जोडणीची माहिती. ६४ बिटच्या खिडकीत केलेला सिस्टम डीएसएन (मशीनवरच्या सर्वांसाठीचा) रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, वेगळ्या जागी जातो, ३२ बिटच्या प्रोग्रामला तो दिसत नाही आणि आयएम००२ (डीएसएन सापडला नाही) ही एरर येते. यूजर डीएसएन (एकाच यूजरसाठीचा) दोन्हीकडे दिसतो, पण त्यामागचा ड्रायव्हर दुसऱ्या बिटचा असला तर आयएम०१४ (बिट जुळत नाहीत) येते. म्हणून ६४ बिटच्या खिडकीत कनेक्शनची टेस्ट यशस्वी झाली, यावरून प्रोग्रामबद्दल काहीच सिद्ध होत नाही. डीएसएन ३२ बिटच्याच खिडकीत करा आणि टेस्टही तिथेच घ्या. डेटा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एमडीबी फाइलमध्ये असेल तर ती वाचणारं जेट ४.० इंजिन फक्त ३२ बिटमध्येच आहे. त्याचा ६४ बिटचा ड्रायव्हर शोधत बसू नका.

‘फायरवॉल बंद करा.’ वरच्या दोन्ही एरर मशीनच्या आतल्या आहेत, तिथे फायरवॉलचा संबंधच नाही. ‘सर्व्हर डज नॉट एग्झिस्ट ऑर ॲक्सेस डिनाइड’ असं आलं तरच नेटवर्क पाहा. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शनने सर्व्हरचा १४३३ पोर्ट तपासा. एसक्यूएल सर्व्हरच्या एक्सप्रेस आवृत्तीत टीसीपी/आयपी (नेटवर्कवरून जोडणी) मुळातच बंद असतं. एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये ते सुरू करून सर्व्हिस रीस्टार्ट करा. नेम्ड इन्स्टन्सला (वेगळं नाव देऊन चालवलेल्या एसक्यूएल सर्व्हरला) पोर्ट आपोआप मिळतो, आणि तो यूडीपी १४३४ वरून एसक्यूएल ब्राउझर ही सर्व्हिस सांगते. टीसीपी/आयपीच्या सेटिंगमधल्या ‘आयपीऑल’मध्ये डायनॅमिक पोर्टची जागा रिकामी करून एक ठरावीक पोर्ट लिहा आणि तेवढ्याच पोर्टचा नियम ऑफिसच्या नेटवर्कपुरता ठेवा. २५ जानेवारी २००३ ला ‘स्लॅमर’ वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) याच १४३४ वरून पसरला होता, हे फायरवॉल बंद करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

‘एसएने लॉगिन करा.’ १८४५६ (लॉगिन नाकारलं) एरर आली म्हणजे नेटवर्क ठीक आहे, सर्व्हरने दार उघडून नकार दिला आहे. नेमकं कारण प्रोग्रामला कळवलं जात नाही, ते सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये ‘स्टेट’ म्हणून असतं: ५ म्हणजे असं लॉगिनच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला, ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोज लॉगिन घेतो. नव्या सर्व्हरवर बॅकअप रिस्टोअर केल्यावर ४०६० (डेटाबेस उघडता आला नाही) आली तर डेटाबेसमधला यूजर आणि सर्व्हरवरचं लॉगिन यांची जोडी तुटली आहे का ते आधी पाहा. ‘ऑल्टर यूजर’ कमांडमध्ये ‘विथ लॉगिन’ देऊन ती पुन्हा जोडता येते. बिल छापणाऱ्या प्रोग्रामला अख्ख्या सर्व्हरची किल्ली देण्याचं काही कारण नाही.

‘टीएलएस १.० परत सुरू करा.’ ‘एसएसएल सिक्युरिटी एरर’ खरोखर येते. विंडोजसोबत येणारा एसक्यूएलओएलईडीबी हा प्रोव्हायडर (ड्रायव्हरसारखाच दुवा) आणि ‘एसक्यूएल सर्व्हर’ नावाचा जुना ओडीबीसी ड्रायव्हर यांना बऱ्याच मशीनवर टीएलएस १.२ येत नाही, आणि बाकी डेटा साधा जात असला तरी लॉगिनचं पाकीट एन्क्रिप्ट होऊनच जातं. पण १९९९ चं टीएलएस १.० मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झालं आहे. एका जुन्या क्लायंटसाठी सर्व्हर मागे नेऊ नका, क्लायंटचा ड्रायव्हर बदला. प्रोग्राम डीएसएन वापरत असेल तर त्याच नावाचा डीएसएन ओडीबीसी ड्रायव्हर १७ वर करा, बहुतेकदा कोडला हात लावावा लागत नाही. कनेक्शन स्ट्रिंग (जोडणीची माहिती असलेली ओळ) आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये असेल तर प्रोव्हायडर ‘एमएसओएलईडीबीएसक्यूएल’ लिहा आणि ‘डेटाटाइपकम्पॅटिबिलिटी=८०’ जोडा, नाहीतर एडीओला (व्हीबी ६ ज्यातून डेटाबेसशी बोलतं त्या लायब्ररीला) नवे डेटाटाइप कळत नाहीत. ओडीबीसी ड्रायव्हर १८ मध्ये एन्क्रिप्शन आपोआप सक्तीचं होतं आणि सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटवर विश्वास नाही म्हणून जोडणी तुटते. तिथे सर्व्हरला नीट सर्टिफिकेट द्यावं. स्ट्रिंग ईएक्सईमध्येच कोरलेली आणि सोर्स हरवलेला असेल तर मात्र खरी अडचण आहे. तेव्हा तो डेटाबेस वेगळ्या, बंदिस्त सर्व्हरवर ठेवावा.

‘नव्या विंडोजवर चालतच नाहीत.’ व्हीबी ६ चा रनटाइम (प्रोग्राम चालायला लागणाऱ्या फाइल) विंडोज ११ मध्येही येतो. ४२९ एरर आली तर डेटाबेसच्या आधी प्रोग्रामला लागणारी एखादी ओसीएक्स किंवा डीएलएल फाइल विंडोजमध्ये नोंदवायची राहिली आहे का ते पाहा. तीही ‘सिसवॉव६४’मधल्या रेजएसव्हीआर३२ या कमांडने नोंदवा. ६४ बिट विंडोजवर खरोखर चालत नाहीत ते १६ बिटचे प्रोग्राम, म्हणजे व्हीबी ३ च्या काळातले. त्यांच्यासाठी ३२ बिट विंडोजचं व्हर्च्युअल मशीन लागतं.