दहाही जागी एकच नाव

वर्षातले सर्वोत्तम चित्रपट आणि सर्वोत्तम अभिनय यांची यादी परवा आमच्या नऊ जणांच्या ग्रुपवर टाकली. पहिली प्रतिक्रिया आली, "मोजलं कोणी?" दुसरी आली, "परत मोज." तिसरा नुसताच हसणारा चेहरा होता, आणि तोच जास्त लागला. चित्रपटांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. तीन वेळा बेरीज तपासलेल्या माणसाला कोणी मुनीमजी म्हटलं, तर त्याला राग येतो. मला आला. अजून आहे.

पण खरी सुरुवात झाली ती मतं मोजत होतो त्या संध्याकाळी. ज्या मित्राकडे बसलो होतो त्याचे मामा मोबाइलवरची अक्षरं मोठी करून घ्यायला आले होते. अक्षरं दोन मिनिटांत मोठी झाली. मामा मात्र अडीच तास बसले.

"काय चाललंय?"

"वर्षातले सर्वोत्तम चित्रपट ठरवतोय, मामा."

"मग ठरवा की. त्यात मोजायचं काय?" असं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या खांद्यावरून स्प्रेडशीटमध्ये डोकावले. "यात तो वकिलाचा नाही दिसत."

"कुठला वकिलाचा?"

"तो रे, शेवटी काळा कोट काढून टेबलावर ठेवतो आणि काही न बोलता निघून जातो. काय काम केलंय!"

"मामा, तो सात-आठ वर्षांपूर्वीचा आहे."

"मी मागच्या महिन्यात पाहिला."

"हो, पण चित्रपट आला..."

"आला असेल तुमच्याकडे. माझ्याकडे मागच्या महिन्यात आला."

यावर मला काही सुचलं नाही. सुचणार कसं? चित्रपटाचं वर्ष कुठून धरायचं, हा वाद भल्याभल्यांना सुटलेला नाही. महोत्सवात पहिल्यांदा दाखवला तेव्हा, सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हा, थिएटरला लागला तेव्हा, की ओटीटीवर आला तेव्हा? आपलाच मराठी 'कोर्ट' घ्या. व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला सप्टेंबर २०१४ मध्ये. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी प्रमाणपत्राची तारीख धरतात, म्हणून सर्वोत्तम चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं ते २०१४ सालचं. सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी थिएटरला लागला १७ एप्रिल २०१५ ला. म्हणजे सर्वोत्तम ठरला आधी आणि लोकांनी पाहिला नंतर. 'कासाब्लांका' न्यूयॉर्कला नोव्हेंबर १९४२ मध्ये दाखवला गेला, पण ऑस्करवाले तेव्हा तारीख धरायचे लॉस एंजेलिसची, आणि तिथे तो पोचला जानेवारीत, म्हणून त्याचं ऑस्कर १९४३ च्या खात्यात. चॅप्लिनच्या 'लाइमलाइट'ची तर कमाल आहे. चित्रपट १९५२ चा, पण तेव्हाच्या नियमानुसार लॉस एंजेलिसला लागायला हवा होता तो लागला १९७२ मध्ये, आणि संगीताचं ऑस्कर मिळालं १९७३ च्या समारंभात. तब्बल वीस वर्षांनी 'यंदाचा' चित्रपट! मामांचा वकील त्या मानाने ताजाच म्हणायचा. हे मी मामांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते मुक्कामाला राहिले असते.

आमचा नियम साधा आहे: १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात थिएटर किंवा ओटीटी, जिथे सर्वांना पाहता येईल अशा ठिकाणी पहिल्यांदा आलेला चित्रपट. महोत्सवातला प्रयोग धरायचा नाही. नियम कुठलाही चालतो, फक्त तो जानेवारीत ठरवावा लागतो. डिसेंबरात ठरवायला बसलात, की प्रत्येक जण आपला लाडका चित्रपट आत बसेल एवढंच दार उघडतो.

डिसेंबरचा दुसरा त्रास म्हणजे आठवण. जानेवारी-फेब्रुवारीत पाहिलेल्या चांगल्या चित्रपटातला एखादा प्रसंग तेवढा लक्षात राहतो, आणि नोव्हेंबरातला बरा चित्रपट संवादांसकट आठवतो. त्यामुळे याद्या नेहमी वर्षाच्या शेवटाकडे कलंडतात, आणि निर्मात्यांना हे आपल्या आधी कळलेलं असतं. म्हणून पुरस्कारांवर डोळा असलेले चित्रपट वर्षअखेरीला गर्दी करतात. यावर उपाय कंटाळवाणा आहे. चित्रपट पाहिला त्याच रात्री दहापैकी गुण आणि दोन ओळी लिहायच्या, महिन्याने आधीचा आकडा न बघता पुन्हा गुण द्यायचे. दोहोंत दोनपेक्षा जास्त फरक पडला, तर तो चित्रपट परत बघायचा. नऊपैकी हे किती जण करतात? मी. बाकीचे आठ जण ३० डिसेंबरला "यंदा काय काय आलं होतं रे?" असा मेसेज टाकतात, आणि मग मुनीमजी वर्षभराची यादी पाठवतात.

असो. मामांनी कोरी मतपत्रिका मागून घेतली. नाही म्हणायचं कसं? आमची पद्धत अशी, की प्रत्येकाने दहा चित्रपट क्रमाने लिहायचे. पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ९, असं करत दहाव्याला १. मामांनी पेन घेतलं, चष्मा वर केला, आणि सुवाच्य अक्षरात एकाखाली एक दहा ओळी भरल्या. दहाही ओळींत वकील.

"मामा, एक चित्रपट एकदाच लिहायचा."

"का? जागा दहा आहेत ना?"

"दहा वेगवेगळे हवेत."

"मी यंदा एकच पाहिला. खोटं कशाला लिहू?"

आता या माणसाच्या सचोटीवर काय बोलणार! १० पासून १ पर्यंतची बेरीज ५५ होते. एका माणसाच्या एका कागदावर वकिलाला ५५ गुण, आणि आमच्याकडे ५५ च्या वर फक्त तीन चित्रपट होते. मी कागद बाजूला ठेवला. मामांचं लक्ष होतं. "फेकू नकोस," ते म्हणाले, "रांगेत ठेव."

गंमत अशी, की सगळ्यात दुखरी नस मामांनी नेमकी पकडली होती. ज्याने कमी पाहिलंय त्याच्या मताचं करायचं काय? नुसती बेरीज केली तर जास्त लोकांनी पाहिलेला चित्रपट आपोआप वर येतो. एखादा छोटा चित्रपट तिघांनीच पाहिला आणि तिघांनीही पहिला लावला, तरी त्याला मिळतात ३० गुण. नऊच्या नऊ जणांनी पाहिलेला आणि सगळ्यांनी सातव्या नंबरावर टाकलेला चित्रपट चार-चार गुण गोळा करून ३६ वर जातो. म्हणजे कुणालाच फारसा न आवडलेला पुढे. बरं, सरासरी काढावी तर उलटी आफत. एकट्याने पाहिलेला आणि पहिला लावलेला चित्रपट सरासरी १० घेऊन सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. म्हणून सरासरीच काढायची, पण किमान एक तृतीयांश मतदारांनी तो पाहिलेला असला पाहिजे, ही अट घालायची. आमच्यात तीन. ही अट मी चार वर्षांपूर्वी सुचवली, तेव्हा "एवढं कशाला?" म्हणून ती सोडून दिली होती. यंदा लागू झाली, तर त्यावरही संशय.

अभिनयाच्या यादीकडे वळलो तसे मामा सरसावून बसले. हा त्यांचा प्रांत.

"यात रडलं कोण जास्त?"

"मामा, रडण्यावर नसतं ते."

"मग कशावर असतं?"

"म्हणजे... न रडता..."

"न रडता कसं कळणार त्याला वाईट वाटलंय ते?"

मी समजावत होतो, की भूमिका दिसायला अवघड असणं आणि अभिनय चांगला असणं या दोन गोष्टी वेगळ्या. वजन वाढवलं, टक्कल केलं, खऱ्या माणसाची लकब उचलली, की मेहनत लांबूनही दिसते आणि मतं पडतात. समोरचा बोलत असताना नुसतं ऐकणं हे त्याहून अवघड काम, पण ते मोजायचं कसं? आमच्याकडे एक कसोटी आहे, तेवढी मी हट्टाने पाळतो. आवडलेला प्रसंग एकदा आवाज बंद करून बघायचा, आणि एकदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकायचा. दोन्ही वेळा माणूस जिवंत राहिला तर तो नटाचा. नाहीतर श्रेय संगीत, संकलक किंवा संवादलेखक यांच्यात वाटून द्यावं. मामांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाठ करून बघायचं, तर तिकीट कशाला काढायचं?"

मग प्रमुख आणि सहायक यांचा घोळ. 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'मध्ये अँथनी हॉपकिन्स पडद्यावर असतो फार तर २५ मिनिटं, आणि ऑस्कर मिळालं प्रमुख भूमिकेचं. जुडी डेंचला 'शेक्सपिअर इन लव्ह'मधल्या जेमतेम ६-८ मिनिटांसाठी सहायक अभिनेत्रीचं, आणि बिअट्रिस स्ट्रेटला 'नेटवर्क'मधल्या ५-६ मिनिटांसाठी तेच. मिनिटं मोजून काही ठरत नाही, हे यावरून दिसतं. कथा कुणाच्या निर्णयाने वळते ते बघावं, असं माझं मत आहे. बॅरी फिट्झजेराल्डला १९४४ च्या 'गोइंग माय वे'मधल्या एकाच भूमिकेसाठी प्रमुख आणि सहायक अशा दोन्ही गटांत नामांकन मिळालं होतं. सहायकाचं बक्षीस मिळालं, आणि त्यानंतर नियमच बदलला. दुसऱ्या महायुद्धामुळे धातूची टंचाई, म्हणून तेव्हाची ऑस्करची बाहुली प्लास्टरची होती. हा गृहस्थ घरात गोल्फची काठी फिरवायला गेला आणि बाहुलीचं मुंडकं उडालं. याचा क्रमवारीशी काही संबंध नाही. पण त्या संध्याकाळी मामांकडे बघताना हा किस्सा मला वारंवार आठवत होता.

आता निकाल. पहिल्या फेरीनंतर तीन चित्रपट उरले: युद्धाचा, चोरीचा आणि म्हातारीचा. शेवटच्या फेरीत नऊ जणांनी या तिघांचा क्रम लावायचा, गुण ३, २, १. चौघांनी लिहिलं युद्ध, म्हातारी, चोरी. तिघांनी चोरी, म्हातारी, युद्ध. दोघांनी म्हातारी, चोरी, युद्ध. बेरीज केली. युद्ध १७, चोरी १७, म्हातारी २०. म्हातारी जिंकली, विषय संपला.

विषय संपला नाही. युद्धवाले म्हणाले, पहिल्या पसंतीची मतं मोजा. मोजली: युद्ध ४, चोरी ३, म्हातारी २. म्हणजे युद्ध पहिलं आणि म्हातारी शेवटची! लगेच चोरीवाले म्हणाले, मग ऑस्करसारखं करा. तिथे सर्वोत्तम चित्रपटासाठी २००९ च्या चित्रपटांपासून पसंतीक्रमाची पद्धत आहे: सगळ्यात कमी पहिली मतं असलेला बाद करायचा, त्याची मतं पुढच्या पसंतीला द्यायची, निम्म्याहून जास्त मतं होईपर्यंत. केलं. म्हातारी बाद, तिची दोन मतं चोरीला, चोरी ५, युद्ध ४. चोरी पहिली! माणसं तीच नऊ, कागद तेच नऊ, पद्धती तीन आणि विजेतेही तीन. त्यातल्या त्यात म्हातारीची बाजू भक्कम, कारण समोरासमोर लावलं तर ती युद्धाला ५ विरुद्ध ४ आणि चोरीला ६ विरुद्ध ३ अशी हरवते. हे मी ग्रुपवर लिहिलं. वाचलेल्याच्या निळ्या खुणा आठही जणांच्या आल्या. उत्तर एकाचंही नाही.

शेवटी युद्धवाल्यांपैकी एकाने मनातलं सांगून टाकलं: "आधी माहीत असतं तर आम्ही म्हातारीला शेवटी टाकलं असतं." मी तेही करून पाहिलं. चौघांनी म्हातारीला शेवटी ढकललं असतं, तर युद्ध १७, म्हातारी १६ आणि चोरी २१. म्हणजे म्हातारीला पाडायच्या नादात, त्यांना सगळ्यात नावडलेला चित्रपट त्यांनीच जिंकवला असता. आणि हे सांगायला हवं, की त्या चौघांत मी एक होतो. माझाही युद्धाचाच पहिला. पद्धत मी निवडली, बेरीज मी केली, आणि माझा चित्रपट हरला. संशय घ्यायचाच तर निदान माझ्या अकलेवर घ्यायचा होता.

मामा सगळं बघत होते. "म्हणजे म्हातारी जिंकली," ते म्हणाले. "पण सात जणांना ती पहिली वाटतच नाही."

"तसं नाही मामा, ती सगळ्यांना दुसरी तरी..."

"आमच्या वकिलाला शंभर टक्के मतदारांनी पहिला लावलाय." असं म्हणून त्यांनी रांगेत ठेवलेला आपला कागद उचलला, घडी घालून खिशात ठेवला आणि अक्षरं मोठी झालेला मोबाइल घेऊन निघाले.

काल ग्रुपवाले प्रत्यक्ष भेटले. पुढच्या वर्षी मोजणी मामांकडे द्यावी, असा ठराव आला. पसंतीक्रम नाही, गुण नाहीत, नुसते हात वर करायचे. नऊपैकी आठ हात वर गेले. मोजायचं काम अर्थात माझ्याकडे होतं.