काकू, इम्पॅक्ट कुठे आहे?

ज्या मुलाला मी स्वतः 'क'ला काना 'का' शिकवला, त्याच मुलाने गेल्या मंगळवारी दुपारी माझ्या अर्जाच्या छापील प्रतीवर रेघ ओढली आणि अत्यंत सहानुभूतीच्या स्वरात मला सांगितले, "काकू, ह्याच्यात इम्पॅक्ट नाहीये." आज शुक्रवार उजाडला तरी पोळ्या लाटताना मी त्या वाक्याला उत्तरे देतेच आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. सांगलीला बी.एस्सी.चे दुसरे वर्ष संपताच लग्न झाले, २०१२ साली नवऱ्यापाठोपाठ कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आले आणि मुलगी शाळेत रुळल्यावर, पस्तिशीला टेकता टेकता, इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात नाव घातले. इथे दोन वर्षांत ६० युनिटे, म्हणजे श्रेयांक, जमवली की राज्याच्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. त्याच्या नऊ संकुलांसाठी अर्ज एकच असतो, शुल्क मात्र दर संकुलामागे ८० डॉलर. विषय भरले, गुण भरले. अडले ते उपक्रमांच्या पानावर. तिथे २० नोंदींची सोय आहे. प्रत्येक नोंदीत आपण काय केले ते ३५० अक्षरांत सांगायचे, त्यात शब्दांमधल्या मोकळ्या जागाही मोजायच्या, आणि वर आठवड्याला किती तास व वर्षाला किती आठवडे याचा हिशेब द्यायचा.

आमच्या वेळी सांगलीत असा प्रश्न नव्हता. 'इतर उपक्रम' म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा, एन.सी.सी. किंवा एन.एस.एस. त्यांची प्रमाणपत्रे प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवायची, झेरॉक्स काढायच्या आणि त्या साक्षांकित करून घेण्यासाठी राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात चपला काढून उभे राहायचे. तुम्ही शिबिरात खरोखर खड्डे खणलेत की सावलीत बसलात, हे कोणी विचारत नसे. कागदावर शिक्का हवा. इथे नेमके उलटे आहे. अर्जासोबत एकही प्रमाणपत्र जोडायचे नाही. नंतर काही अर्जदारांना पडताळणीसाठी निवडतात, तेवढेच. तोवर सगळा भार वर्णनावर, आणि आपल्याच तोंडाने आपली थोरवी गाऊ नये या शिकवणीत वाढलेल्या बाईला नेमके वर्णनच जमत नाही. म्हणून मी कॉलेजच्या ट्रान्सफर सेंटरमध्ये वेळ घेतली. अर्जदारांना मदत करायला तिथे विद्यार्थीच बसवलेले असतात, आणि माझ्या वाट्याला हा आला.

मी त्याला लगेच ओळखले. आमच्या रविवारच्या मराठी शाळेत तो सात-आठ वर्षांचा असताना माझ्या वर्गात होता. त्या वेळी मी बावीस-तेवीस वर्षांची होते आणि वर्गातली चौदा मुले मला बिनदिक्कत काकू म्हणत, हे दुःख वेगळेच. आता तो वीस वर्षांचा झाला आहे आणि त्याला दाढी आली आहे. थंड चहातले काळे टपोरे साबुदाणे जाड नळीने ओढत तो माझा कागद वाचत होता. (त्या पेयाला इथे बोबा म्हणतात. साबुदाणा चहात घालून सहा डॉलरला विकता येतो, हे आपल्या उपवासवाल्यांना सुचले नाही.)

"काकू, हे मोदक काय आहे?"

"गणपतीत मंडळासाठी मी दर वर्षी ३०० उकडीचे मोदक करते."

"ओके. टीममध्ये किती लोक होते?"

"मी आणि सासूबाई. म्हणजे त्या वर्षी त्या इथे आल्या असतील तर."

"ग्रेट. मग तुम्ही टीम लीड."

"सासूबाईंची?"

"हो ना. दोन जनरेशनची टीम तुम्ही लीड केली." त्याने ते लिहूनही टाकले. सासूबाई सध्या मिरजेला आहेत आणि ही बातमी तिथवर पोहोचू नये एवढीच माझी इच्छा आहे, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे त्या स्वयंपाकघरात मी अजून उमेदवारीच करते आहे.

मग मोदक म्हणजे काय हे वाचणाऱ्याला कसे कळणार, असा प्रश्न निघाला. 'स्टीम्ड राइस-फ्लोअर डम्पलिंग्ज' एवढे लिहिले की इंग्रजीतली २८ अक्षरे संपतात आणि मोदक तर त्यात कुठेच येत नाही. "पाकळ्यांचे लिहू का?" मी विचारले. एका मोदकाला एकवीस पाकळ्या पडल्या तर हात बसला म्हणायचे, हे मी त्याला समजावून सांगितले. त्यावर त्याने विचारले, "क्वांटिफाय करता येईल का?" तीनशे गुणिले एकवीस म्हणजे सहा हजार तीनशे पाकळ्या. हा गुणाकार मी तिथे बसून त्याला करून दिला याची मला आता लाज वाटते. शेवटी तास आणि आठवड्यांचा हिशेब झाला, तेव्हा बारा वर्षांचा हा उद्योग 'वर्षाला एक आठवडा' एवढ्यावर येऊन बसला.

पुढची नोंद मंडळाच्या हिशेबाची होती. चार वर्षे मंडळाची वही मी लिहिली, वर्गणीच्या पावत्या जुळवल्या, हॉलच्या अनामत रकमेसाठी लोकांशी वाद घातले. "पद काय होते?" असे त्याने विचारल्यावर माझ्या लक्षात आले की पद नव्हतेच. खजिनदार दुसरेच एक गृहस्थ होते. स्मरणिकेत माझे नाव 'विशेष आभार' या मथळ्याखाली, ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याच्या खालच्या ओळीत छापले जाई. तेव्हा ते खटकले नव्हते. परवा खटकले.

"आणि वर्क एक्सपीरियन्स एकदम रिकामा आहे," तो पुढे म्हणाला. "हा गॅप एक्सप्लेन करावा लागेल, काकू."

गॅप! एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या नवऱ्याच्या व्हिसाच्या आधाराने आलेल्या बायकोला इथे नोकरीची मुभाच नव्हती. २०१५पासून काहींना ती मिळू लागली, पण तीही नवऱ्याचे ग्रीन कार्डाचे प्रकरण एका ठरावीक टप्प्यापर्यंत सरकले असेल तरच. आमचे प्रकरण तिथवर सरकायला आणखी चार वर्षे गेली. मोबदला घेऊन काम करणे बेकायदा, फुकट करायचे तर कामाला तोटा नाही, अशा अवस्थेत मी सात वर्षे काढली, आणि त्या वर्षांना हा मुलगा नळीतून साबुदाणा ओढत गॅप म्हणत होता. चूक त्याची नाही, रकान्याचे नावच तसे आहे, हे मला समजते. तरी राग त्याचाच आला, कारण समोर तो होता.

त्यानंतर तो मराठी शाळेच्या नोंदीवर आला आणि मी सुरुवातीला सांगितलेली ती रेघ त्याने ओढली.

"ही शाला आहे ना, ह्याच्यात फक्त 'मुलांना मराठी शिकवले' असे आहे. इम्पॅक्ट कुठे आहे? तुमचे स्टुडंट्स आता काय करतात?"

मी त्याच्याकडे नुसती पाहत राहिले. त्याला वाटले, मला प्रश्न कळला नाही. "थांबा, मी माझे दाखवतो," असे म्हणून त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तोही याच वर्षी अर्ज करतो आहे. त्याच्या यादीतली तिसरी नोंद आमच्याच शाळेची होती, आमच्याच वर्गाची, आणि तिचा मराठीत अर्थ असा होता की त्याने ४० विद्यार्थ्यांच्या वारसाभाषा-शिक्षणाचे नेतृत्व केले आणि नव्या पिढीला तिच्या मुळांशी जोडले. मला आठवते त्याप्रमाणे हायस्कुलात असताना तो आठ-दहा रविवार मदतीला आला होता. त्याने सतरंज्या गुंडाळल्या, मधल्या सुट्टीत पार्ले-जी वाटले, आणि एकदा फळ्यावर 'बाळ' हा शब्द लिहायला सांगितल्यावर 'बाल' लिहून मुलांकडून दुरुस्त करून घेतला.

"छान लिहिले आहेस," मी म्हणाले. दुसरे काय म्हणणार? तो मनापासून खूश झाला. निघताना त्याने मला दारापर्यंत सोडले, माझी पिशवी धरली आणि हळूच विचारले, "काकू, कधी व्हेरिफिकेशन आले तर माझ्या तासांवर तुम्ही सही द्याल ना? तुम्हीच टीचर होत्या." मी हो म्हटले. सांगलीच्या त्या राजपत्रित अधिकाऱ्यांच्या रांगेत अखेर माझाही नंबर लागला.

त्या रात्री मुलगी झोपल्यावर मी शाळेची नोंद पुन्हा लिहायला घेतली. त्याच्या सल्ल्याप्रमाणे आकडे घातले, 'लेड' हे क्रियापद घातले, ३५० अक्षरांत सगळे बसवले. मग निदान संस्थेचे नाव तरी नीट लिहावे म्हणून वरच्या रकान्यात गेले. इंग्रजी लिपीत 'ळ'साठी वेगळे अक्षर नाही. मी टंकित केले आणि पडद्यावर उमटले ते त्याच्याच उच्चाराप्रमाणे, मराठी शाला.