बाळाआधी कागद जन्माला घाला

मूल होऊ द्यायचं ठरलंय? अभिनंदन. आता दवाखान्याआधी बँकेत जा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पाच हजार आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, आणि ते खातं कोणतं हे तुम्हाला वाटतं तसं नसतं. आधारशी सगळ्यात शेवटी जी बँक जोडली गेली, पैसे तिकडे. कधीकाळी सिमकार्ड घेताना अंगठा टेकवून एखाद्या पेमेंट बँकेत खातं उघडलं गेलं असेल, तर मदत तिथे सुखरूप पोहोचते. फक्त तुम्हाला पत्ता लागत नाही. बँकेत 'आधार लिंक आहे का' असं विचारू नका. केवायसीला झेरॉक्स दिली असली तरी 'आहे' असंच उत्तर येतं. 'डीबीटीसाठी सीडिंग झालंय का', म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायला हेच खातं आधारला जोडलंय का, असं विचारा, आणि खिडकीपलीकडचा माणूस मान वर करून बघेपर्यंत हलू नका.

नावाचंही आताच उरका. आधारवर माहेरचं, पासबुकावर सासरचं आणि माता-बाल संरक्षण कार्डावर सिस्टरांना ऐकू आलं तसं, अशा तीन बायका एका बाळाच्या आई होऊ शकत नाहीत.

पहिल्या बाळाचे पैसे दोन हप्त्यांत. गरोदरपणाची नोंद आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांत एक तरी तपासणी झाली की ३,००० रुपये. जन्माची नोंद आणि चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या लसी झाल्या की २,०००. ही बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई आहे. सहा महिन्यांवर वाटली तर दिवसाला साडेसत्तावीस रुपये पडतात, उधळू नका. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६,००० एकरकमी, मुलगा झाला तर काही नाही. तेव्हा दुसऱ्या वेळी मुलीसाठी नवस बोला. असा नवस ऐकून देवही दचकेल.

पगारी नोकरी असेल तर हे पैसे विसरा. तुम्हाला मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा दिली आहे (दोन मुलं हयात असतील तर १२ आठवडे). त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. घेऊ नका. सरकारी 'पाळणा' योजनेचं पाळणाघर सहा महिने पूर्ण झालेल्या बाळालाच घेतं. आधी आठ आठवडे पाय वर करून बसलात, तर उरतात १८, म्हणजे रजा संपेल तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं. मधले दोन महिने त्याने काय करावं हे कुठल्याच परिपत्रकात नाही. म्हणून कळा सुरू होईपर्यंत टेबल सोडू नका. मग रजा आणि पाळणाघर कसं चपखल जुळतं बघा.

चपखल म्हणजे कागदावर. पाळणाघर महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. तुमची ड्युटी आठ तास, डब्याची सुट्टी अर्धा तास, बस मिळाली तर जाऊन येऊन तास. बेरीज साडेनऊ. वरच्या दोन तासांत बाळाला सेविकेच्या घरी ठेवायचं की साहेबांच्या केबिनमध्ये, हे तुम्ही आपसात ठरवा. सेविकेला विचारताना एवढं लक्षात असू द्या, की तिच्याकडे तुमच्यासारख्यांची २५ पर्यंत मुलं असतात आणि हाताखाली एक मदतनीस. शिवाय तिलाही घरी मुलं असतात, पण तो वेगळा विभाग.

कंपनीचंच पाळणाघर हवं असेल तर मुलाखतीत पगार विचारू नका, माणसं मोजा. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तरच कायद्याने पाळणाघर लागतं. ४९ वर येऊन वर्षानुवर्षं अडलेली आस्थापना दिसली, तर मालकाला गणित येतं एवढं नक्की. पन्नास भरले, तर दिवसातून चार वेळा बाळाला भेटता येतं, विश्रांतीची वेळ त्यातच धरून. पाळणाघर तीन मजले खाली आणि लिफ्ट बंद असेल, तर चार भेटींत विश्रांतीही होते आणि व्यायामही.

हे सगळे हक्क नेमणुकीच्या वेळी लेखी कळवणं २०१७ च्या त्याच दुरुस्तीने मालकावर बंधनकारक केलं. नियुक्तीपत्रात तो कागद शोधा. नसेल तर मागा, पण प्रोबेशन संपल्यावर.

आणि त्या चार भेटी कायद्याने फक्त आईच्या. बाबांना पाळणाघराचं दार आत उघडतं की बाहेर हे ठाऊक नसलं, तरी कुठल्याही कलमाचा भंग होत नाही.