त्सावोच्या पुलावर काउबॉय कुठून आला?

काल रात्री 'द घोस्ट अँड द डार्कनेस' (१९९६) परत पाहिला. कितव्यांदा ते विचारू नका. पहिल्यांदा केबलवर बाबांबरोबर पाहिला होता. बाबा वेस्टर्नचे, म्हणजे अमेरिकन काउबॉयपटांचे, जुने भक्त. अर्धा सिनेमा झाल्यावर मायकेल डग्लस अवतरला आणि बाबा खुर्चीत सावरून बसले, "हा बघ, आला काउबॉय!" मी म्हटलं, "बाबा, हे आफ्रिका आहे." तर म्हणाले, "असू दे की. रेल्वे आहे, पूल आहे, घाबरलेलं गाव आहे. आणखी काय लागतं?"

बाबांचं खरं होतं. १८९८, आजच्या केनियातली त्सावो नदी, युगांडा रेल्वेचा अर्धवट पूल. दोन सिंह रात्री तंबूत शिरून मजूर उचलून नेतायत. आता सिंहांच्या जागी दरोडेखोर ठेवा आणि तळाच्या जागी टेक्सासमधलं एखादं गाव. कथा इंचभरही हलत नाही. बंदूकवाला परका माणूस हवा, म्हणून डग्लसचा रेमिंग्टन. अमेरिकन यादवी युद्धात हरलेल्या बाजूचा, घरदार गमावलेला शिकारी. नावसुद्धा बंदुकीच्या कंपनीचं! आल्या आल्या तो मजुरांचा पुढारी झालेल्या ओम पुरीच्या डोक्याला बंदूक लावतो आणि मजुरांचं भांडण मिटतं.

हा रेमिंग्टन प्रत्यक्षात नव्हताच. दोन्ही सिंह जॉन पॅटरसन या इंजिनिअरनेच मारले. त्याच्या हातात ऐनवेळी दगा देणारी उसनी बंदूक मात्र खरी आहे. डॉक्टरची बंदूक घेऊन गेला आणि ती उडालीच नाही, हे त्याने स्वतःच १९०७ च्या पुस्तकात लिहिलंय. सिनेमातल्या सिंहांना झुपकेदार आयाळ आहे, खऱ्यांना नव्हती. ते दोघं आज शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये पेंढा भरून उभे आहेत. १९२४ मध्ये तिथे विकले जाईपर्यंत पॅटरसनच्या घरात गालिचे होऊन पडले होते, म्हणे. बळींचा आकडा त्याने १३५ पर्यंत नेला. २००९ मध्ये सिंहांच्या हाडांची-केसांची तपासणी झाली तेव्हा अंदाज निघाला ३५ च्या आसपास. शिकाऱ्याच्या गप्पा, चालायचंच.

आफ्रिकेत वेस्टर्न नेण्याला माझी हरकत नाही. 'हटारी!' (१९६२) मला मनापासून आवडतो. 'रिओ ब्राव्हो'वाला हॉवर्ड हॉक्स, तीच पटकथाकार ली ब्रॅकेट, तोच जॉन वेन. फक्त घोड्याऐवजी ट्रक आणि गुरांऐवजी टांगानिकातले (आजचा टांझानिया) गेंडे. धरायचे आणि प्राणिसंग्रहालयांना पाठवायचे, बस. आफ्रिकन माणसं त्यातही कडेलाच उभी असतात, हे खरं. पण तो सिनेमा कुणाचा इतिहास सांगायचा आव आणत नाही. आणि नायजरच्या मुस्तफा अलासानने तर १९६६ मध्येच या सगळ्याची फिरकी घेतली: अमेरिकेहून परतलेला तरुण मित्रांसाठी काउबॉयचे कपडे आणतो आणि ही पोरं गावात धुमाकूळ घालतात. अर्ध्या तासाची फिल्म आहे. मिळाली तर सोडू नका.

त्सावोच्या बाबतीत मला खटकतं ते वेगळंच. वेस्टर्नच्या साच्यात गावकऱ्यांना कामच नसतं. त्यांनी घाबरायचं, नायकावर चिडायचं, शेवटी त्याला मानायचं. युगांडा रेल्वेवर हिंदुस्थानातून नेलेले सुमारे ३२,००० मजूर होते, त्यातले जवळपास २,५०० मेले. सिंहांनी खाल्लेले त्यात नगण्य. आणि त्सावोवरचं सगळ्यात मोठं भांडण सिंहांवरून नव्हतंच, पगारावरून होतं! गवंड्याला महिना ४५ रुपये, साध्या हमालाला १२. साहजिकच दगडाला कधी हात न लावलेले कित्येक जण गवंडी म्हणून नाव लावून आले. पॅटरसनने कामाच्या मापावर मजुरी सुरू केली, तेव्हा खाणीत गाठून त्याचा काटा काढायचा कट शिजला. पुढे डिसेंबरात सिंहांचा कहर झाला तेव्हा हेच लोक रुळांवर आडवे पडले, गाडी थांबवली आणि निघून गेले. यात कुठे आहे हातपाय गाळलेलं गाव? ओम पुरीसारखा नट हाताशी असताना त्याला नुसते डोळे वटारायला लावलेत, याचा मला अजून राग येतो.

दोन्ही सिंह मेल्यावर, जानेवारी १८९९ मध्ये, कामगारांनी पॅटरसनला चांदीचा वाडगा दिला. सोबत झेलम जिल्ह्यातल्या रोशन मिस्त्रीने हिंदुस्तानीत लिहिलेली लांबलचक कविता. तिचा इंग्रजी अनुवाद पॅटरसनने पुस्तकात छापलाय. बरीचशी साहेबाची स्तुतीच आहे, पण शेवटी रोशन स्वतःचं गाव सांगतो आणि म्हणतो, साहेब तर गेले, आता मी आफ्रिकेत उदास भटकत राहणार.

कॅमेरा नेमका तिथे, रोशनजवळ ठेवायचा आणि तिथूनच सिनेमा सुरू करायचा. बाबा असते तर म्हणाले असते, "मग त्यात बंदूक कोण चालवणार?"